आंब्याखाली सोडलेली दोन मुलं

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. त्यातलं निम्मं आता नीट आठवतही नाही. पण आंब्याखाली उभी असलेली ती बैलगाडी आणि तिच्यात भावाला घेऊन बसलेली पाच वर्षांची मुलगी काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. लोक म्हणतात, साहेब, तुमची एखादी गाजलेली केस सांगा. ही केस कुठं गाजली नाही. गाजण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच.

लढाईचे दिवस होते. सातारा जिल्ह्यात कराडच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार म्हणून नवाच आलो होतो. बेचाळीसच्या चळवळीनंतर त्या मुलखात पोलिसाला पाणी विचारायलाही कोणी पुढं येत नसे. ठाण्यात मी, एक म्हातारा जमादार आणि आठ शिपाई. सकाळी हजेरी, मग डायरी, मग गावोगावच्या पोलीस पाटलांच्या वर्द्या वाचायच्या. बहुतेक वर्द्यांत 'गावी सर्व ठीक' एवढंच असायचं. काय ठीक असायचं, कपाळ!

चैत्रात जवळच्याच एका गावची जत्रा झाली. ती उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक जैन व्यापारी आपली गाडी रस्त्यात उभी करून ठाण्यात आला. सांगली संस्थानातला माणूस, तांब्यापितळेची भांडी घेऊन जत्रा करत फिरायचा. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"बसा की अण्णा. चोरी झाली काय?"

"चोरी न्हाई सायेब. सांगावं का नगं, हेच कळंना झालंय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला."

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या दुकानामागं आंब्याखाली एक गाडी सुटली होती. लष्करात असलेला एक जवान, त्याची बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. उन्हं डोक्यावर असताना नवराबायको नटूनथटून कुठंतरी गेली. मुलं गाडीतच. जाताना तान्हं झोपलेलं होतं. तासाभरानं ते उठलं आणि जे रडायला लागलं ते थांबेचना. मग एकाएकी गप्प झालं. आईबाप परतले तेव्हा उन्हं कलली होती. बाईनं पोर उचललं आणि हंबरडा फोडला. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी खड्डा काढून त्यांनी ते पुरलं आणि गाडी जुंपून निघून गेले. पाटलाला वर्दी नाही, पंचनामा नाही.

"एवढं रडत होतं, तर तुम्ही जाऊन बघितलं नाहीत?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "गिऱ्हाईक लय हुतं सायेब. म्हनलं, येईल आता आई."

तो गेला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. कित्येक महिन्यांत ठाण्याची पायरी चढून आपण होऊन आलेली ती पहिली खबर होती. आज त्या आनंदाची लाज वाटते.

मामलेदारांच्या हुकमानं पंचांसमक्ष प्रेत बाहेर काढलं. दवाखान्याचे डॉक्टर बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "अफू दिसतेय." त्यांनी आतड्याचा नमुना मुंबईला तपासणीसाठी धाडला.

आजच्या वाचकांना हे सांगायला हवं, नाहीतर ती आई तुम्हाला राक्षसीण वाटायची. त्या काळी घरोघरी बाळगोळी असायची. मोहरीएवढी अफूची गोळी, सहाणेवर दुधाच्या थेंबात उगाळून तान्ह्याला चाटवायची. मूल झोपलं की आई शेतावर जायला मोकळी. सासवा सुनांना देऊन ठेवत. चांगली शिकलेली घरंही त्याला अपवाद नव्हती. माझ्या आईनंही मला चाटवलीच असणार.

जवानाला त्याच्या गावाहून ठाण्यात बोलावून घेतलं. उमदा गडी, पण तोंडावर राख फासल्यासारखा झाला होता. परेडला उभा राहावा तसा ताठ उभा राहिला.

"कुठं गेला होतात?"

त्यानं खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. जत्रेतल्या फोटोवाल्याकडं काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेली मोटारगाडी, पुढं खुर्चीत तो वर्दीत, शेजारी बायको, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर.

"रजा संपत आली हुती सायेब. म्हनलं, परत यीन न यीन, एक फोटू असावा. घरात आमी बारा मानसं. दोघांनी एका जागी बसायची बी सोय न्हाई. आईसंगं भांडून चौघंच जत्रंला आलो."

"आणि पोरं का नेली नाहीत?"

"फोटूवाला म्हनला, ल्हान पोर हाललं की फोटू बिघडतो. लाईन लय मोठी हुती. हिनं बाळाला गोळी दिली, पोरीला संगं बसवलं. म्हनलं, आत्ता येतो."

"किती गोळ्या?"

"एकच. रोज देती तेवढीच."

बायकोची जबानी निराळी घेतली. तीही म्हणाली, एकच. रडली नाही. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. मुलीला तिनं सासूपाशी घरीच ठेवलं होतं. मी म्हणालो, "अगं बाई, पाच वर्षांची पोर ती. तिच्या जिवावर तान्हं टाकून गेलीस?" तर ती एवढंच म्हणाली, "चुकलं सायेब." आता चुकलं म्हणून काय उपयोग, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते बोललोही.

महिन्याभरानं मुंबईचा कागद आला. अफूच होती. डॉक्टर म्हणाले, "फौजदारसाहेब, हे एका गोळीचं काम नाही. तीन तरी गेल्यात." मी बाईला पुन्हा बोलावलं. नवऱ्याची रजा माझ्याच पत्रावरून वाढली होती, तो बाहेर बाकावर बसला होता.

"तीन गोळ्या गेल्यात पोटात," मी म्हणालो. "आणि तू एक म्हणतेस?"

तिनं वर बघितलं. डोळे एकदम मोठे झाले, मग खाली गेले.

"तीन दिल्या," ती म्हणाली. "म्याच दिल्या. भ्याले हुते म्हनून एक म्हनले."

"खोटं बोललीस तर याद राख."

"खरं सांगते. तीन. म्या. लिवून घ्या."

जमादारानं लिहून घेतलं, तिनं अंगठा उठवला. ती गेल्यावर म्हातारा म्हणाला, "सायेब, कबूल झाली. बेफिकिरीनं मृत्यू, तीनशे चार-अ. अंदाज चुकला बाईचा. लावा कागुद आन् धाडा."

पण माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. तीन गोळ्या आईनं जातानाच दिल्या असत्या, तर पोर तासाभरानं उठून रडलं कसं? भांडीवाला स्वतः ऐकून होता. म्हणजे पुढच्या गोळ्या नंतर गेल्या. आणि तेव्हा गाडीत होतं कोण?

जमादाराला मी हे सांगितलं. तो काही चकित झाला नाही.

"ते म्या कवाच वळखलंय," तो म्हणाला. "बाईनं बी वळखलंय. तुमी आकडा सांगितला तवाच. नगा जाऊ पोरीकडं सायेब."

"अहो, ती बाई उद्या कोर्टात तीन गोळ्या दिल्या म्हणून बसली आणि कुणी म्हटलं जाणूनबुजून दिल्या, तर? खून होतो त्याचा. फाशी जाईल."

"सांगू द्या की तिला काय सांगायचं ते. तिची लेक हाय ती."

मी ऐकलं नाही. तरुण होतो, कायदा तोंडपाठ होता, आणि खरं ते खरं असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी सायकलवर टांग टाकून मी त्या गावाला गेलो. आईबाप रानात होते. चावडीच्या पायरीवर मुलीला जवळ बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले. आधी बैलांची नावं विचारली. मग बाळाबद्दल विचारलं. मला विचारण्याची कला चांगली अवगत होती.

"लय रडत हुता," ती शेंगदाण्याची टरफलं काढत म्हणाली. "म्या झोका दिला. मग आयनं क्येलं तसं क्येलं. ट्रंकंतनं गोळ्यांची चिंधी काढली, गोळी उगाळली, चाटवली. तरी रडत हुता. मग आनि एक."

"मग?"

"मग शाना झाला. निजला." आणि ती हसली. आई येईपर्यंत आपण बाळाला कसं निजवलं, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं तिला.

मी वहीत लिहीत होतो. लिहिताना माझा हात थांबला असावा, किंवा तोंडावर काही आलं असावं. ती माझ्याकडं बघत राहिली. हातातला गूळ तिनं खाली ठेवला.

"त्यानं मेला व्हय तो?"

हो म्हणायला जीभ रेटली नाही. नाही म्हणायचं सुचलं नाही. एवढा बोलका मी, नुसता बसून राहिलो. पाच वर्षांच्या पोरीलाही गप्प बसण्याचा अर्थ कळतो.

तेवढ्यात कोणीतरी सांगितल्यामुळं आई धावत आली. डोक्यावरचा पदर सुटलेला, पाय धुळीनं भरलेले. तिनं मुलीच्या तोंडाकडं बघितलं, माझ्या वहीकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सायेब, म्या तीन म्हनले हुते की. तेवढ्यानं भागत न्हवतं व्हय तुमचं?"

पुढचं सगळं कायद्याप्रमाणं झालं. मूल उघड्यावर टाकणाऱ्या आईबापाला तीनशे सतरा कलम लागतं, पण त्याला मूल कायमचं टाकायचा इरादा लागतो. ही माणसं तर परत येणार होती. म्हणून दोघांवर बेफिकिरीचंच कलम राहिलं. मुलगी सात वर्षांखालची, तिला कायद्यानं गुन्हाच लागत नाही. आरोपी म्हणून नाही, पण साक्षीदार म्हणून ती लागली. तिची जबानी माझ्या वहीत होती ना!

जमादारानं तिला कोर्टाच्या ओसरीवर शिकवलं, "हात खाली, मान वर. इचारलं तेवढंच सांगायचं. झालं की म्हनायचं, जाऊ का सायेब." तिला स्टुलावर उभी केली, कारण पिंजऱ्याच्या वर तिचं डोकं येत नव्हतं. "पैली आयनं दिली. मागनं म्या दिली. दोनदा," असं तिनं स्पष्ट सांगितलं. बाप आरोपीच्या जागेवर तोंडात पटका कोंबून रडत होता. तिनं मात्र शिकवल्याप्रमाणं विचारलं, "जाऊ का सायेब?"

नवराबायको दोघांना तीन-तीन महिने साधी कैद झाली. पलटणीतून त्याचं नाव कमी झालं. सासूनं भावाला खाणारी पोर घरात नको म्हणून सांगितलं, तेव्हा सांगलीकडची आजी येऊन मुलीला घेऊन गेली. तीन तास लेकरांना एकटं सोडलं म्हणून आम्ही आईबापाला शिक्षा केली, आणि त्या शिक्षेपायी ती पोर तीन महिने, आणि सासूच्या हट्टापायी पुढंही, आईबापावाचून राहिली. हे निकालाच्या कागदावर कुठं लिहिलेलं नाही. फोटो मुद्देमालात होता. परत न्यायला कोणी आलं नाही.

या केसनं काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. पुढं सबंध नोकरीत आईला जवळ बसवल्याशिवाय मी कोणत्याही मुलाला एक प्रश्न विचारला नाही. आणि म्हाताऱ्या जमादारानं 'नगा जाऊ' म्हटलं की जायचं नाही, हेही शिकलो. पण ज्या मुलीच्या जिवावर हे शहाणपण आलं, तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

संस्थानं विलीन झाल्यावर माझी बदली सांगलीला झाली. राहवलं नाही म्हणून एका दुपारी त्या आजीच्या गावी गेलो. अंगावर वर्दी नव्हती. दारात दहा-अकरा वर्षांची मुलगी सुपात जोंधळे निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं, उठून उभी राहिली. हात खाली, मान वर.

"पैली आयनं दिली," ती म्हणाली. "मागनं म्या दिली. दोनदा."

आजी आतून धावत आली. "आवं, मनावर घिऊ नगा पावनं. कुनी बी नवा मानूस दारात आला की ती असंच सांगती. लय समजावलं."

तिनं मला ओळखलंही नव्हतं. मी खाली बसलो, म्हणालो, "बाळ, तुझी काही चूक नव्हती. चूक मोठ्यांची होती. माझी होती." तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझं बोलणं संपायची वाट बघितली आणि विचारलं,

"जाऊ का सायेब?"