बाईंना वाचून दाखवताना

माझा नवरा बोटीवर खलाशी होता. श्रावणात, मासेमारीची बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, बोट बंदरात परत येताना खाडीच्या तोंडाशी उलटली. सहाजण होते. पाचजण पोहत, एकमेकांना ओढत किनाऱ्याला लागले. तो लागला नाही. चार दिवस शोधाशोध झाली, मग वारा वाढला आणि शोध थांबला. त्याचं काहीच मिळालं नाही. मी एकतीस वर्षांची होते, मुलगी सात वर्षांची.

मी रडले नाही. घरात बायका जमल्या. कोणी माझे खांदे धरून हलवले, कोणी म्हणालं, "तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल." मी त्यांच्याकडे बघत होते. कोणाच्या पदराला पिन लावलेली आहे, कोण चहा न पिताच कप खाली ठेवतंय, हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. आत मात्र काही हलत नव्हतं. दुखतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी मिक्सर आणायला गेले. आठवड्यापूर्वी दुरुस्तीला टाकला होता आणि दुकानदाराने त्याच दिवशी यायला सांगितलं होतं. शोध अजून चालू होता. मी चपला घातल्या, चालत बाजारात गेले. दुकानदाराने प्लग लावून मिक्सर फिरवून दाखवला. मी "चांगला झालाय" म्हटलं, पिशवीत घातला आणि परत आले. सासूबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "माझा पोर पाण्यात हाय, आणि ही मिक्सर आणायला गेली."

ते शेजारणीला सांगितलं असलं तरी मी ऐकावं म्हणूनच होतं. दोन दिवसांत ते सगळ्या वाडीत झालं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी मिक्सर आणला होता, हे खरंच होतं. का आणला, ते मला सांगता येत नव्हतं.

महिनाभराने मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एका मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला लागले. सकाळी कंपनीची गाडी यायची, तीनला सोडायची. दिवसभर उभं राहून बर्फातली कोळंबी सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, ट्रेमध्ये टाकायची. नवीन बायका पहिल्या आठवड्यात हात बधिर झाले म्हणून रडकुंडीला यायच्या. मला काही वाटलं नाही. घरी सासूबाईंशी कामापुरतं बोलणं व्हायचं. तांदूळ संपले. पोरीला खोकला आहे. नळाला पाणी आलं नाही. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांतलं आज मला फारसं काही आठवत नाही.

आमच्या शेजारची एकजण एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे स्वयंपाकाला जायची. तिने एक दिवस सांगितलं, "त्यांना वाचून दाखवायला माणूस हवंय. संध्याकाळचे दोन तास. जाशील?" मी हो म्हटलं. त्या काळात मला कोणी काही विचारलं तर मी हो म्हणायचे.

बाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे माझ्याकडे बघायचं असलं की त्या मान एका बाजूला वळवायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, ह्यांना माझ्याशी बोलायचंच नाही.

"शिकलीस किती?"

"दहावी."

"शेवटचं काय वाचलंस?"

मी आठवून बघितलं. "कंपनीतली पाटी."

"कसली?"

"हातमोजे घातल्याशिवाय आत येऊ नये."

बाई हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "मग आज पेपर वाच."

मी वाचायला लागले. बाई पदोपदी थांबवायच्या. "धावतेस कुठे? वाक्य संपलं की श्वास घे." "हा शब्द खाल्लास." मी हेल काढून बोलते म्हणून मला लाज वाटायची. शाळेत त्यावरून ओरडा बसायचा. बाई म्हणाल्या, "हेल राहू दे. ह्या घरात तेवढाच आवाज आहे रत्नागिरीचा, बाकी दिवसभर टीव्ही बोलतो. फक्त अक्षरं खाऊ नकोस."

महिनाभराने पेपर मागे पडला आणि पुस्तकं सुरू झाली. वाचनालयातून ती मीच आणायचे. बाई नाव सांगायच्या, मी चिठ्ठीवर लिहून न्यायचे. मी अक्षरं वाचत होते, बाकी काही नाही. कोळंबी सोलावी तसं एकेक वाक्य सोलून पुढे टाकत होते. एकदा बाईंनी मध्येच विचारलं, "आता काय झालं?"

"तो मुंबईला गेला."

"का गेला?"

"माहीत नाही."

"अगं, आत्ताच वाचलंस ना तू?"

"हो."

"मग परत वाच." त्या रागावल्या नव्हत्या. मी परत वाचलं. तो भावाशी भांडून गेला होता. मला कळलं, पण कळून काही झालं नाही.

असे सात-आठ महिने गेले असतील. मग एक कादंबरी आली. घाटावरच्या एका गावातल्या शिंप्याची गोष्ट होती. त्याची लहान मुलगी तापाने जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान उघडतो आणि कोणाच्या तरी राहिलेल्या सदऱ्याला काजं करत बसतो. ज्याचा सदरा असतो तो माणूस भेटायला म्हणून येतो, आणि शिंपी त्याला विचारतो, बाही ठीक आहे का, घालून बघता का. लोक बाहेर उभे राहून बोलतात, की हा दगड आहे. लेखकाने त्या शिंप्याला नावं ठेवली नव्हती आणि त्याचं कौतुकही केलं नव्हतं. त्याच्या मनात काय चाललंय, तेही लिहिलं नव्हतं. त्याने सुईत दोरा ओवला, एवढंच लिहिलं होतं.

मी थांबले.

"काय झालं? पान फाटलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"बाई, हे ज्यांनी लिहिलंय, त्यांच्या घरी असं काही झालं होतं का?"

"मला काय माहीत? का गं?"

"त्यांना हे कसं कळलं?"

बाईंनी मान वळवली. म्हणजे त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी त्यांना मिक्सरचं सांगितलं. दुकानदार कसा प्लग लावून दाखवत होता, मी कसं "चांगला झालाय" म्हटलं, ते सगळं. कोणाला ते मी पहिल्यांदाच सांगत होते. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता, पेपरातली बातमी वाचावी तसा. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले, की आता बाई म्हणतील, असं होतं गं, किंवा, धक्का बसला की माणूस असं वागतो. कंपनीतल्या बायका असंच म्हणायच्या, आणि त्याचा मला काही उपयोग व्हायचा नाही.

बाई म्हणाल्या, "तेवढं पान पुन्हा वाच."

मी वाचलं. ह्या वेळी मी काय वाचतेय ते मला ऐकू येत होतं. शिंपी, सदरा, दोरा. पुढचं पान मी आपणहून उलटलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला भूक लागली. सांगण्यासारखं हे काही मोठं नाही. पण जवळजवळ तीन वर्षं मी वेळ झाली म्हणून जेवत होते. त्या दिवशी रस्त्यात थांबून मी गाडीवरची भजी घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्ली.

पुस्तकांनी मला बरं केलं, असं मी म्हणणार नाही. मी नंतरही रडले नाही. फक्त इतके दिवस मी एक गोष्ट धरून चालले होते, की माझ्यात काहीतरी कमी आहे, बाकीच्यांना असतं ते मला नाही. ते धरून चालणं सुटलं. कुठल्या तरी गावात, माझ्या जन्माच्याही आधी, कोणीतरी एक माणूस असा कल्पून ठेवला होता, आणि त्याला वाचणाऱ्या लोकांनी पुस्तक फेकून दिलं नव्हतं. वाचनालयातल्या त्या प्रतीची पानं बोटांनी मऊ झालेली होती. बरेचजण तिथून गेले होते.

त्यानंतर मी स्वतःसाठीही पुस्तकं आणायला लागले. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा पानं व्हायची. बायका चिडवायच्या, "परीक्षा हाय का गो तुझी?" मुलीचा अभ्यास घेताना पूर्वी मी फक्त पाढे म्हणून घ्यायचे. आता तिच्या पुस्तकातले धडे मी आधी वाचायचे आणि तिच्याशी वाद घालायचे.

एका रविवारी सासूबाई अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मी पायरीवर तीच कादंबरी पुन्हा वाचत होते.

"एवढा काय असता त्यात?" त्यांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी कामाशिवाय काही विचारलं होतं.

मी म्हटलं, "वाचू का?"

त्यांनी टोपली जरा बाजूला ओढली, म्हणून मी वाचलं. शिंप्याचंच पान. मुद्दाम वाचलं की हातात तेच होतं म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. वाचून झाल्यावर त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "रडला नाय तो?"

"तसं लिहिलेलं नाही."

कावळ्याला हाकलायला त्यांनी हात वर केला आणि तो तसाच मांडीवर ठेवला.

"बातमी आली तेव्हा माझ्या हातात सुकटच होती," त्या म्हणाल्या. "खाली नाय ठेवली. आख्खी टोपली निवडली मी. एक काडी ठेवली नाय. लोक येत होते, जात होते, मी मागल्या दारी निवडत होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला कोणी बघितलान नाय. तुला सगळ्यांनी बघितलानी."

त्यांनी माफी मागितली नाही आणि मला ती नको होती. मी म्हटलं, "आई, पुढचं वाचू?" त्या म्हणाल्या, "वाच." संध्याकाळी चूल-चहाची वेळ झाली तरी त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आल्यावर त्यांनीच विचारलं, "पुढं काय झाला त्या शिंप्याचा?"

मग घरात वाचणं सुरूच झालं. सासूबाईंना अक्षर येत नाही, पण त्यांना पुस्तकातला खोटेपणा लगेच कळतो. एका कथेत मासेवाली सकाळी सहाला उठते असं होतं. "सहाला उठून काय विकणार ती, डोंबल?" म्हणाल्या आणि ती कथा त्यांनी पुढे ऐकलीच नाही.

बाईंना त्यांच्या मुलाने पुण्याला नेलं. त्यानंतर मी फोनवर वाचून दाखवायचे, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. मध्येच फोन तुटायचा. पुन्हा लागला की बाई शेवटचं वाक्य तोंडपाठ म्हणायच्या, "हं, इथपर्यंत आलो होतो." एके दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई सकाळी गेल्या होत्या. मी कंपनीत होते. मी फोन पिशवीत ठेवला, हातमोजे चढवले आणि समोरचा ट्रे पुरा केला. आत पुन्हा तेच, काही हलत नव्हतं. पण ह्या वेळी मी स्वतःला काही विचारलं नाही. आमचं अर्धं राहिलेलं पुस्तक होतं, ते पुढच्या चार दिवसांत मोठ्याने वाचून संपवलं.

यंदा माझ्या नवऱ्याला जाऊन सात वर्षं झाली. त्याला मृत समजावं म्हणून कोर्टात अर्ज करायचा होता. वकिलांनी कागद तयार करून ठेवले होते. सासूबाई आणि मी गेलो. वकील म्हणाले, "इथे, इथे आणि मागच्या पानावर सही."

"आधी वाचते," मी म्हटलं.

"नेहमीचाच मजकूर आहे, ताई."

"तरी वाचते."

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. नाव, वय, पत्ता, बोटीची माहिती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की सदर इसम घरातून कोणास काही न सांगता निघून गेला व तेव्हापासून परत आला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सांगून गेला होता."

"मावशी, ते असंच लिहायची पद्धत असते," वकील म्हणाले. "सगळ्या अर्जांत असतं. त्याने काही बिघडत नाही."

"सांगून गेला होता," त्या परत म्हणाल्या. "दारात उभा राहून येतो म्हणालान."

मी वकिलांना सांगितलं, "हे वाक्य बदला. 'घरी सांगून मासेमारीसाठी बोटीवर गेले' असं करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ऑफिसातल्या मुलीला हाक मारून कॉम्प्युटरवर दुरुस्ती करायला सांगितली. छापून यायला दहा मिनिटं लागली. आम्ही बाकावर बसून राहिलो. नवा कागद आला तेव्हा अजून गरम होता. मी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, सासूबाईंना ऐकवला. त्यांनी मान हलवली आणि अंगठा पुढे केला. मग मी सही केली.