भिंतीवरची पऱ्हाटी

आर्वीच्या डेपोत मला सोडायला आई वावरातून तशीच आली होती. लुगड्यावर माझा कॉलेजातला चौकडीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, कॉलरला कापूस चिकटलेला. आपल्याकडे वेचायला जाणाऱ्या बायका नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट असाच चढवतात, कारण बोंडाची वाळकी टोकं हात सोलून काढतात. एसटी हलली तेव्हा ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "सीतादहीले येजो." कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी पऱ्हाटीपुढे, म्हणजे कापसाच्या झाडांपुढे, दहीभात ठेवतात, ती सीतादही. त्यानंतर एकाही सीतादहीला मी घरी नव्हतो. सुट्टी का मिळत नाही, हे तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना सांगायला नको.

आता मी परदेशातल्या प्रदर्शनांमध्ये देशोदेशींची दालनं उभारणाऱ्या कंपनीत आहे. गोल हॉल, भिंतीपासून जमिनीपर्यंत सगळा पडदा, आणि माणूस चित्राच्या आत उभा. अनेक प्रोजेक्टरची चित्रं एकमेकांत मिसळायची आणि सांधा कुठेच दिसू द्यायचा नाही, हे माझं काम.

गेल्या वर्षी आपल्या देशाचं दालन आमच्याकडे आलं. दिग्दर्शकाला कापसाचं शेत हवं होतं. मी हुरळून आमचंच वावर सुचवलं. आईला कळवलं, तू त्या भिंतीवर दिसशील, माणसाच्या दुप्पट उंच. तिनं अख्ख्या गल्लीत सांगितलं.

शूटिंगची मंडळी सीतादहीच्याच दिवशी पोचली. मी इथे प्रोजेक्टर टांगत होतो, त्यामुळे पुढचं सगळं धाकट्या भावाकडून कळलं. आईनं त्यांना पाटावर बसवून पूजेचा दहीभात वाढला आणि त्यांनी तो मागून मागून खाल्ला. मग दिग्दर्शक म्हणाला, मावशी, तेवढा शर्ट काढा, तो आपल्या संस्कृतीत बसत नाही. आई म्हणाली, शर्टाबिगर वेचत नसतेत. त्यानं वाद घातला नाही. तिला हसून वेचू दिलं, कॅमेराही फिरवला. दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक मुलगी आणली, तिला लाल घागरा नेसवला, हातभर बांगड्या घातल्या.

फाइल माझ्याकडे आली तेव्हा आई त्यात कुठेच नव्हती. घागऱ्यातली मुलगी दोन बोटांनी कापूस उचलून पितळेच्या घागरीत टाकत होती. आपल्याकडे कापूस कमरेच्या ओटीत जातो, घागरीत कोणी टाकला? मी दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, लोकांना भारत जाणवला पाहिजे. पोट भरून दहीभात खाल्लेला हा माणूस मला भारत शिकवत होता. माझा संताप झाला आणि तो आजही गेलेला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी भावानं व्हिडिओ कॉल लावला. आमच्या ओसरीवर गल्ली जमली होती. मी मोबाइल हॉलभर फिरवला. वावराच्या कडेची, धुऱ्यावरची बाभूळ दिसली, विहीर दिसली, पोरं ओरडली. आईनं भावाच्या हातातला मोबाइल डोळ्यांजवळ घेतला.

"वावर तं आपलंच हाय," ती म्हणाली. "बाई कोनाची हाय?"

शेजारणी एकेक करून उठल्या, तेही मला त्या छोट्या पडद्यावर दिसलं.

प्रदर्शन अजून चालू आहे. रोज सकाळी मी बटण दाबतो आणि आमची पऱ्हाटी फुटते. लोक तिच्यात उभे राहून फोटो काढतात, गाइड त्यांना सांगते की हे अस्सल गाव आहे. मला कोणी गाव विचारलं की हल्ली मी फक्त जिल्ह्याचं नाव सांगतो. घर म्हणजे मला तो शर्ट, आणि नेमका तोच भिंतीवर नाही.

परवा मी आईला फोन करून सांगितलं, या खेपेला भांडून सुट्टी घेतो, सीतादहीला येतो. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "काऊन धावपळ करतं? वावर तं तुयापाशीच हाय."