साबणानं लाल न झालेली हळद

साल दोन हजार अठरा. मी सत्तावन्न वर्षांचा, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. तो फोन अजून माझ्या कानात आहे. ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती आणि सरकारी दवाखान्याच्या पोलीस चौकीतून खबर आली. चोवीस वर्षांची मुलगी, अंग चुलीसारखं तापलेलं, घामानं चिंब, बरळतेय. लग्न तोंडावर आलेलं. डॉक्टरांना संशय की काहीतरी पोटात गेलंय. घरचे म्हणतात, काही नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. तपास मी बंदोबस्तात उभं राहून शिकलो.

वॉर्डात गेलो तर मुलीचे तळवे पिवळे. आई म्हणाली, "हळद आन् साय लावतोय की रोज, उजळायला. नवरी हाय ती." सगळ्यांनी ते मानलं. लग्नघरातल्या पोरीचे पिवळे हात बघून कोण काय विचारणार?

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "काय खाल्लंय ते कळलं नाही तर आम्ही अंधारात उपचार करतोय. ताप चढतच चाललाय. लवकर काय ते शोधा."

महिला शिपाई बरोबर घेऊन मी मुलीच्या घरी गेलो. मागल्या दारी तिची आत्या चादर धूत बसली होती. ती इचलकरंजीची, लग्नासाठी आलेली. चादरीवर माणूस झोपल्याच्या आकाराचा पिवळा डाग होता. साबणाचा फेस वर आला होता आणि डाग तसाच पिवळा. मी तिथंच थांबलो.

भंडाऱ्याच्या जत्रेत मी कैक वर्षं बंदोबस्त केला आहे. माणसं मुठीमुठीनं हळद उधळतात, वर्दीवर थर बसतो. घरी येऊन शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो. पहिल्या वर्षी बायकोनं रक्त समजून मला दारातच बसवलं होतं. हळदीला साबण लागला की ती लाल होणारच. ही झाली नव्हती.

"आत्याबाई, ही हळद न्हाय."

"मग काय हाय? तुमी धुणं तपासाय आलाय व्हय?"

"माझी वर्दी मीच धुतो. हळद असती तर आतापतोर लाल झाली असती. ह्यो पोरीचा घाम हाय. काय दिलंयसा तिला?"

ती चादर पिळत राहिली. मी दरडावलं नाही. खोटं बोलणारा वेगळा आणि झाकणारा वेगळा. झाकणाऱ्याला दरडावलं की तो आणखी झाकतो. मी पायरीवर बसलो.

"लगीन मोडंल ओ सायेब. सासरला कळलं तर?"

"मोडायला तरी पोरगी जित्ती पायजे न्हवं?"

तशी ती उठली. डाळीच्या डब्यात हात घालून तिनं पुडी काढली. आत कॅप्सूल होत्या. मुलाची आई बघायला आली तेव्हा बोलून गेली होती, पोरगी झ्याक हाय, जरा बारीक झाली की स्टेजवर शोभंल. तेव्हापासून पोरीनं जेवण टाकलं. मग आत्यानं तिकडं इचलकरंजीतल्या एका जिमवाल्याकडून या आणून दिल्या. दिवस जवळ आले तशी पोरगी एकाच्या जागी दोन घ्यायला लागली.

कॅप्सूल पंचनामा करून दवाखान्यात पाठवल्या आणि मी इचलकरंजी गाठली. तिथल्या ठाण्यात नोंद करून जिमवाल्याला समोर बसवलं. गडी तगडा होता.

"शंभर टक्के आयुर्वेदिक, साहेब. हळद आन् मेथी."

त्याच्या बोटांची टोकं पिवळी होती. मी साबण आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "लगीन ठरलंय काय पावणं तुमचं? हात हळदीचं दिसत्यात. धुवा."

त्यानं चोळचोळ चोळलं. पिवळं ते पिवळंच.

"तू स्वतः घेतोस ह्या?"

"न्हाय."

"का रं?"

त्यानं ओले हात पँटला पुसले. मग हळूहळू बोलायला लागला. रंगाच्या धंद्यात लागणारी पूड होती, एका दलालाकडून आणलेली. चमच्यानं अंदाजे भरायचा. कुणाकुणाला विकल्या ते त्याच्या मोबाईलमध्ये होतं. माझ्या माणसांनी एकेकाला फोन लावून गोळ्या बंद करायला लावल्या. बाकीचा माल औषध प्रशासनाच्या लोकांनी सील केला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर तळाला दाबा. डिझेल जळतं, इंजिन तापतं, गाडी जागची हलत नाही. ही पूड अंगात तेच करते. चरबी जळते, पण नुसती उष्णता होते. आणि याला उतारा नाही, अंग बाहेरून गार करत राहायचं." पुढचंही त्यांनीच सांगितलं. पहिल्या महायुद्धात परदेशात दारूगोळ्याच्या कारखान्यांत ही पूड वापरायचे. ती हाताळणारे कामगार वाळत गेले, काही तापानं मेले. पुढं कुणीतरी तीच बारीक व्हायची गोळी म्हणून बाजारात आणली. वजनं उतरली, काहींचे डोळे गेले, काही जिवाला मुकले, मग बंदी आली. नंतर भूक मारणाऱ्या गोळ्या निघाल्या, त्यातल्या काहींनी हृदयं बिघडवली. मग खाल्लेलं तूप न पचवता बाहेर काढणाऱ्या आल्या. काही गोळ्या आजही डॉक्टर तपासून देतात. पण ही पूड कुणालाच देत नाहीत.

आम्ही बोलत होतो तोवर ताप उतरायला लागला होता. बर्फाच्या पिशव्यांमध्ये पडलेल्या त्या पोरीनं डोळे उघडून पहिलं विचारलं ते वजनाचं नाही, लग्नाचं. "त्यांना कळलं का?"

ते ऐकून मी घरी आलो. विकणाऱ्याला कलमं होती. पण युद्धातली ती पूड एवढ्या लांबून त्या डाळीच्या डब्यात आली, ती नुसती त्याच्यामुळं नव्हे. माणसाच्या तोंडून सहज गेलेल्या वाक्याचा गुन्हा होत नाही, हे मी नोकरीभर बघितलंय. तपास मात्र मी कधी अर्धा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरला गेलो, मुलाच्या घरी. त्याच्या आईला सगळं सांगितलं आणि साक्षीदार म्हणून जबाब घेतला.

"मी आपलं चेष्टेनं म्हणाले ओ," ती म्हणाली.

"तेच लिवतो."

तिचं स्टेजवर शोभायचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, चेष्टाही लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ह्याला कलम कुठलं लागतंय?"

"कलम न्हाय. बरोबर हाय का तेवढं सांगा आन् सही करा."

तिनं कागद हातात घेऊन ते वाक्य पुन्हा स्वतः वाचलं. मग सही केली, पदर सावरून उठली आणि म्हणाली, "पोरगी कुठल्या वॉर्डात हाय? मला तुमच्या गाडीतनं न्या."