वापरलेला तूस

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी भाताच्या तुसाने पाण्यातलं निकेल काढायच्या प्रयोगाला लागले. नाशिक रोडच्या घरातून रोज सातपूरला जायचे. तिथल्या एका छोट्या निकेल-प्लेटिंगच्या कारखान्याच्या मालकांनी मागची जागा वापरू दिली होती. धुतलेला तूस प्लास्टिकच्या पाइपात भरायचा आणि वरून कारखान्याचं हिरवं पाणी सोडायचं. खाली पाणी बरंच फिकं होऊन यायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

पाइपातला तूस निकेल शोषून कामातून गेला की तो काढून मी गोणपाटावर वाळत घालायचे. वाळला की वजन करून नोंद करायची.

एका सकाळी गोणपाट रिकामं दिसलं. कारखान्याच्या वॉचमनची बायको शेजारच्याच खोलीत राहायची. सुरगाण्याकडून कामाला आलेलं कुटुंब होतं ते. तिच्या दारात भुश्याची शेगडी पेटली होती, तव्यावर नागलीची भाकर होती आणि धुरात बसून तिची लहान मुलगी जेवत होती.

मी धावत जाऊन मुलीला बाजूला ओढलं. या तुसात विषारी धातू आहे, हा धूर चांगला नाही, असं कसंबसं सांगितलं. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग तवा उतरवून शेगडीवर पाणी ओतलं.

"वाळलेला चांगला तूस पडला होता, म्हनून घेतला," ती म्हणाली. "आधी सांगायचं होतं ना, ताई."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. मुलीला आम्ही दोघी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हटलं. रिक्षात परत येताना तिने विचारलं, "मग हा तूस टाकायचा कुठं?"

संध्याकाळी मी तेच माझ्या गाईड सरांना विचारलं, तर ते म्हणाले, तो आपल्या प्रबंधाचा विषय नाही.

मी राख आणि उरलेला तूस झाकणाच्या पिंपात भरला आणि पिंपावर लाल रंगाने फुली मारली. दुसऱ्या दिवशी गिरणीतून कोरा तूस आणून तिच्या दारात ठेवला. तिने तो हुंगला, हातात चोळून पाहिला आणि मला विचारलं, "यात काही नाही ना?"

त्यानंतर प्रयोग संपेपर्यंत मी तिच्याकडून विस्तव मागून दोघींसाठी चहा करायचे. पहिला कप ती मला प्यायला लावायची, मग स्वतः प्यायची.