व्याह्यांचा रांजण

आमच्या नानामामांनी आयुष्यात एकच वस्तू फोडली. ती पण व्याह्यांची, आणि भर पाहुणचारात!

आज मामांना जाऊन वर्ष झालं. रडायचं ते गेल्या वर्षी रडून झालंय. आज हसायचंय, मामांची तीच ऑर्डर असणार.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूळचे बार्शीकडचे. जहाजावर चीफ इंजिनियर होते, रिटायर होऊन इथे, मलेशियाच्या सीमेलगत, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहिले.

त्यांची एकुलती एक लेक मुग्धा. तिने मलेशियन चायनीज मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मामांनी हूं की चूं केलं नाही. स्वतः उभं राहून थाटात लग्न लावून दिलं.

पण एक हट्ट.

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणी प्यायचं नाही.

"अहो मामा, कुठल्या जमान्यात आहात?"

"तू व्हायच्या आधी माझ्या वडिलांनी तुझ्या आईकडे पाण्याचा घोट घेतला नव्हता. तू झालीस, मग पहिला चहा प्यायले. मी काय त्यांच्यापेक्षा शहाणा?"

मी कपाळालाच हात लावला!

त्यामुळे मुग्धाबरोबर पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला व्याह्यांकडे जाताना यांची स्वतःची बाटली, स्वतःचा डबा. व्याही, म्हणजे टान अंकल, टेबलभर जेवण मांडायचे आणि मामा आपलं थालीपीठ उघडून बसायचे.

मुग्धाचा नुसता जीव जायचा.

"बाबा, ते पोर्क खातात म्हणून तुम्ही त्यांचा विटाळ मानता, असं वाटतं त्यांना. सासूबाई मला विचारतात. काय सांगू मी?"

"मी समजावतो ना."

"तीन वर्षं समजावताय!"

अशात अंकलनी एका शनिवारी त्यांच्या शिकारीच्या जागेवर बोलावलं. ड्युरियन फळांची बाग, मागे रान. रानडुकरं बाग उकरतात, म्हणून अंकलकडे बंदुकीचं लायसन्स. "या, नेमबाजी करू!"

मीही पासिर रिसच्या माझ्या घरून आले, चान्स कोण सोडतंय!

गाडीत मुग्धा शांतपणे म्हणाली, "बाबा, आज तुम्ही पाणी प्यायला नाहीत, तर पुन्हा मी तुम्हाला तिकडे नेणार नाही. एकटीच जाईन."

मामांनी मांडीवरची बाटली उघडून एक घोट घेतला.

कॉजवेवर, म्हणजे सीमेवरच्या पुलावर, ही गर्दी! मामांची बाटली पुलावरच संपली.

पोचलो तर बागेतल्या घराच्या दारात एक रांजण. कमरेएवढा, चकचकीत, अंगावर ड्रॅगन. डोंगरातून पाइपने आणलेलं पाणी त्यात भरून ठेवलेलं. अंकलच्या वडिलांच्या वेळचा, म्हणजे जीव की प्राण.

"वेलकम, कॅप्टन!"

"चीफ इंजिनियर," मामा म्हणाले.

दर भेटीत हेच. अंकल मुद्दाम चिडवायचे.

बंदुकीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती, लायसन्स एकट्या अंकलचं. म्हणून ओंडक्यावर मायलो पावडरचे रिकामे डबे मांडले आणि अंकलनी बेचकी काढली. टण, टण, टण! एकही नेम चुकला नाही. मी मारला तो खडा माझ्याच पायावर पडला.

मामांनी बेचकी नाकारली. खिशातून काढली चक्क गोफण! जहाजाच्या दोरीची, घरी बसून विणलेली.

"लहानपणी ज्वारी राखलीय मी. बघाच आता."

पहिला दगड डब्याच्या मधोमध. दुसराही. अंकल टाळ्या वाजवायला लागले आणि झालं, मामांच्या अंगात आलं! सत्तरीचा माणूस, घशाला कोरड, पण "हाऽऽ हुर्र!" करत गोफण गरागरा फिरवतोय.

"बाबा, पुरे!" मुग्धा ओरडली.

तेवढ्यात दोरी नको तेव्हा सुटली. दगड पुढे जायच्या ऐवजी मागे गेला.

ठाण्ण!

अंगणभर पाणीच पाणी.

मामा पांढरेफटक पडले. मुग्धाने तोंडावर हात धरला. मला वाटलं, संपलं सगळं.

अंकल रांजणाच्या खापऱ्यांपर्यंत चालत गेले. मग कमरेवर हात ठेवून शेवटी 'लाह' लावायच्या त्यांच्या त्या इंग्रजीत म्हणाले,

"कॅप्टन, माझं पाणी प्यायचं नसेल तर नको पिऊस लाह! रांजण कशाला फोडतोस?"

आधी मुग्धाला हसू फुटलं. मग मला. मग अंकल. मामा तर तिथेच चिखलात बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

हसता हसता थांबले. मुग्धाकडे बघितलं.

"पाणी दे गं."

"कुठलं?"

"तुझ्या घरचं."

मुग्धाने अंकलना सांगितलं. तो माणूस धावत जाऊन पाइपच घेऊन आला! मामांनी ओंजळ धरली आणि पोटभर प्यायले. उरलेलं अंकलनी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

मग जेवलेसुद्धा! भात, मासा, पालेभाजी दोनदा. आमची थालीपिठं अंकलनी फस्त केली.

परतताना मी विचारलं, "मामा, वडिलांचा नियम?"

"अगं, मुलीवर भार नको म्हणून नियम. तिलाच त्याचा भार व्हायला लागला, तर काय चाटायचाय तो नियम?"

असा आमचा मामा. मला फार, फार आठवण येते हो.

आज सकाळी वुडलँड्सला सगळे जमलो. मुग्धाच्या लेकीने फोटोसमोर भाताचा घास भिरकावला, तो थेट मागे माझ्या साडीवर. नेम आजोबांचाच.

मग अंकल आले. हातात पाण्याची बाटली, त्याच पाइपचं पाणी. ग्लासात ओतून फोटोसमोर ठेवलं.

"ड्रिंक, चीफ," म्हणाले.

मामा, ऐकलंत ना? शेवटी बरोबर म्हणाले.

प्या आता पोटभर. भाचीचा नमस्कार.