बस अमळनेरला पोचेपर्यंत

प्रमिलाबाईंना थांबणं म्हणून ठाऊक नाही. देवपूरच्या शाळेतल्या या गणिताच्या बाई चहा फुंकरही न घालता पितात, रिक्षा पुरती थांबायच्या आत उतरतात. आणि पोरांना शिकवायचं काय, तर थांबायला! घ्या आता.

पण करतील काय? सहावीची पोरं शाब्दिक उदाहरण दिसलं की आकड्यांवर तुटून पडायची. तीस मुलांची सहल, एका रिक्षात चौघं, तर रिक्षा किती? दिपमालानं फटकन लिहिलं, साडेसात.

"अगं बाई, अर्धी रिक्षा कुठून आणू? अर्ध्या ड्रायव्हरसकट?" बाई कडाडल्या. वर्ग खो खो हसला, दिपमाला रडकुंडीला आली.

तेव्हापासून बाईंनी नियमच केला. उदाहरण आलं की पेनं बाईंच्या टेबलावर. आधी गोष्ट आपल्या बोलीत सांगायची, डोळ्यांसमोर आणायची, मगच पेन मिळणार. पोरं अहिराणीत खुलून सांगू लागली, पण धडे मागे पडले. मुख्याध्यापक रुपचंद सरांनी बजावलं, "येत्या चाचणीत फरक दिसला नाही, तर हे सगळं बंद. पुन्हा घोकंपट्टी." बाईंची झोप उडाली.

चाचणीच्या दिवशी त्या वर्गात नुसत्या येरझारा घालत होत्या. शेवटचं उदाहरण असं: धुळ्याहून बस सुटली तेव्हा बेचाळीस प्रवासी होते, अमळनेरला सतरा उतरले, नऊ चढले, आता किती? चाचणीपुरती पेनं पोरांकडेच होती; बाकीची पोरं ओठ हलवत गोष्ट सांगून लिहायलाही लागली. दिपमाला मात्र उठली, पेन टेबलावर ठेवून आली आणि डोळे मिटून बसली.

अगं लिही की, भवाने! घंटा व्हायला आली! शेवटी त्यांना राहवलं नाही. पेन उचलून त्यांनी तिच्यापुढे धरलं. "लिही लवकर."

दिपमालानं डोळे उघडलेच नाहीत. "थांबा ना बाई, बस आजून अंमळनेरले पोचनी नही."

बाईंनी जीभ चावली. नियम माझा, आणि मोडतेय मीच! जीव नुसता टांगणीला लागला होता. जरा वेळानं दिपमालानं तळहात पुढे केला. "पोचनी. द्या आते." तिनं लिहिलं, चौतीस. खाली बारीक अक्षरात: ड्रायव्हर-कंडक्टर सोडून.

प्रमिलाबाई सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या.