चार चाकांची जीप आणि पुढून ओढणारी गाडी

माझे वडील, आमचे आबा, सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. बहात्तरच्या दुष्काळात लातूरजवळच्या मुरुडच्या आसपास खडी फोडायची, तलाव खणायची कामं चालू होती. तिथल्या मजुरांना ते सुकडीची पोती पोचवायचे. शाळेला सुट्टी असली की मलाही न्यायचे. एकदा सुकडीचा ट्रक कोरड्या नदीच्या वाळूत रुतला. आबांनी जीपच्या टायरांतली थोडी हवा सोडली, गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला आणि चारी चाकांच्या जोरावर जीप वाळूतून पार नेली. तीन खेपांत ट्रकमधली सगळी पोती पलीकडं गेली. उन्हात ताटकळलेल्या बायांना दुपारच्या आत खायला मिळालं. त्या दिवशी मी जीपमधून उतरले ती मान ताठ करूनच.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेरीत मला नोकरी लागली आणि काही वर्षांनी मी एक जुनी, छोटी मोटार घेतली. हिला फक्त पुढची दोन चाकं ओढायची. आबांनी बॉनेट उघडून आडवं बसवलेलं इंजिन बराच वेळ पाहिलं.

"खेळणं हाय," म्हणाले.

मावसभावाच्या लग्नाला आम्ही मुखेडला निघालो. मी चालवत होते, आबा शेजारी, आई मागं आहेराच्या भांड्यांसोबत. वाटेत पुलाचं काम चालू होतं, म्हणून ओढ्यात उतरून पलीकडं चढायचं होतं. चढावर सुटा मुरूम. अर्ध्यात पुढची चाकं जागीच गरगरली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा घसरत खाली आले. कामावरची माणसं ढकलायला निघाली.

आबांनी त्यांना थांबवलं. "चढावर वजन मागं जातंय, अन् हिचा जोर पुढं हाय. उलटी फिरव, माय. रिव्हर्समधी चढव, म्हंजे वजन पुढच्या चाकावर येतंय."

"तुम्ही चालवता का?"

"न्हाई. गाडी तुझी हाय."

ते चढावर जाऊन उभे राहिले आणि हातानं दिशा दाखवू लागले. मान मागं वळवून मी हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं जरा फिरली, मग त्यांनी मुरूम धरला आणि गाडी पाठमोरी वर आली.

मुखेडला पोचल्यावर आबा मावशीच्या यजमानांना सांगत होते, "जीपमधी चार चाकांचा आधार होता, माझं निभलं. हिला दोनच. पोरीनं लई नीट चढवली."

मागच्या सीटवरची भांडी उतरवायला मी मुद्दाम वेळ लावला.